सगळ्यांचा लाडका, अजून कुणाचाच नाही

पत्र थोडक्यात: पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. घरात त्या, त्यांचे पती, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवराबायको दोघंही नोकरी करतात. पाच महिन्यांपूर्वी त्या मुलीला घेऊन शहराबाहेरच्या प्राण्यांच्या एका निवाऱ्यात गेल्या आणि तेव्हापासून मायलेकी दर रविवारी तिथे जातात, ते एका कुत्र्यासाठी. तांबूस रंगाचा, पाच-सहा वर्षांचा गावठी कुत्रा. रस्त्याच्या कामावर सांडलेल्या डांबरात रुतलेला सापडला, म्हणून तिथली माणसं त्याला डांबऱ्या म्हणतात. मागच्या पायांवर केस नाहीत, एक पाय किंचित ओढतो. त्या लिहितात, "तो सगळ्यांकडेच जातो. पहिल्यांदा आलेल्या माणसाच्याही पायाला रेलून बसतो. इतका गोड आहे, त्याला कुणीतरी अंगणवालं घर देईलच." पतीचं म्हणणं, कुत्रा आणायचाच तर लॅब्राडॉरचं पिल्लू आणू, मुलीबरोबर वाढेल. सासूबाईंना घरभर केस आणि देवघराजवळ कुत्रा नको आहे, "शिवाय लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, तेही एक आहे." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, जातीचा चालेल, रस्त्यावरचा नको. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: "निघताना तो जाळीपर्यंत येतो आणि मला त्याला फसवल्यासारखं वाटतं. त्याला घरी आणणं हा माझा स्वार्थ आहे का? की मी जाणंच बंद करू?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाभोवती मी पेन्सिलीने गोल केला आहे. तो शब्द म्हणजे 'देईलच'. कुणीतरी घर देईलच. तुम्ही पाच महिने जात आहात, म्हणजे वीसेक रविवार झाले. त्या प्रत्येक रविवारी तुमच्यासारखी आणखी काही कुटुंबं तिथे आली असतील. डांबऱ्या त्यांच्याही पायाला रेलला असेल, त्यांच्याही मुलांनी त्याचे कान कुरवाळले असतील आणि परतताना गाडीत कुणीतरी म्हणालंही असेल, "किती गोड आहे ना, याला नक्की कुणीतरी नेईल." कोपऱ्यात थरथरत बसलेल्या कुत्र्याला पाहून माणसाच्या पोटात कालवतं, पिल्लू पाहून हात आपोआप पुढे होतो. शहाणा, हसऱ्या तोंडाचा, वयात आलेला कुत्रा मात्र सगळ्यांना आवडतो आणि तिथेच राहतो, कारण त्याची काळजी कुणालाच वाटत नाही. त्याच्या गोड स्वभावामुळे आपण निर्धास्त होतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की विचार करताना हा 'कुणीतरी' बाजूला ठेवा. अंगणवाला बंगला आणि दिवसभर घरी असणारी माणसं त्याच्या वाट्याला येतील असं गृहीत धरून स्वतःच्या घराला कमी लेखू नका. तुमच्या फ्लॅटची तुलना त्या बंगल्याशी करू नका, तो आज जिथे आहे त्या जागेशी करा.

तो जिथे आहे ती जागा वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. डांबरातून कुत्रा सोडवणं म्हणजे तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस तेल चोळत बसणं. ते ज्यांनी केलं त्यांचे पाय धरावेत. पण आपल्याकडचे निवारे मुळात कुत्र्यांनी कायमचं राहावं म्हणून नसतात. रस्त्यावरच्या धडधाकट कुत्र्याला धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाचा छोटा तुकडा काढायचा आणि जिथून आणलं त्याच भागात परत सोडायचं, ही 2001 पासूनची सर्वसाधारण पद्धत आहे आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही तीच कायम ठेवली. त्यामुळे निवाऱ्यात वर्षानुवर्षं उरतात ते परत सोडता न येणारे: आंधळे, लंगडे, फार म्हातारे. नाहीतर डांबऱ्यासारखे, वाहनापुढून वेळेत बाजूला होता येणार नाही असे. तो तिथे असेपर्यंत एक पिंजराही अडलेला असतो आणि पुढचा जखमी कुत्रा त्या पिंजऱ्यासाठी थांबलेला असतो. हे सगळं ओझं तुमच्या डोक्यावर टाकावं म्हणून सांगत नाही. पण "तिथे बरा आहे की" हे वाक्य मनात येईल तेव्हा एवढं आठवा.

आता "तो सगळ्यांकडेच जातो" याविषयी. तुम्ही हे जरा खट्टू होऊन लिहिलं आहे, आपलं नातं खास नाही असं वाटून. मला यात उलट आनंद वाटला. माणसांनी ओतलेल्या डांबरात रुतलेला हा प्राणी आजही अनोळखी माणसाला भिऊन मागे सरत नाही. फ्लॅटमध्ये, लिफ्टमध्ये, जिन्यावर रोज दहा अनोळखी चेहरे भेटणाऱ्या घराला यापेक्षा चांगला स्वभाव कुठला? खास नातं घरी आल्यावर तयार होतं. रोज सकाळी कोण फिरवतं, कुणाच्या चपलांचा आवाज आल्यावर पट्टा निघतो, रात्री कुणाच्या पलंगाशी झोपायचं, यातून कुत्रा आपलं माणूस ठरवतो. त्याने आधीच तुम्हाला निवडलेलं असावं ही अपेक्षा सोडून द्या.

स्वार्थाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर देण्याआधी मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. दहा वर्षांपूर्वी मी अशीच एक कुत्री घरी आणली होती. निवाऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, मला राहवलं नाही. तेव्हा घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दिवसभर भेटायला येणाऱ्यांची रीघ, दर अर्ध्या तासाने बेल. ती पलंगाखालून बाहेरच येईना. अकराव्या दिवशी मी तिला परत नेऊन सोडलं. गाडीत ती पहिल्यांदाच माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. माझी माया खरी होती, पण ज्या घरात तिला आणलं त्या घराकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तेव्हापासून, कुणी कुत्रा आणायचं म्हणालं की मी एकच विचारते: मंगळवारी दुपारी दोन वाजता तुमच्या घरात काय चाललेलं असतं?

तुमच्या घरात मंगळवारी दुपारी दोन वाजता सासूबाई एकट्या असतात. म्हणजे डांबऱ्या आला तर दिवसाचा मोठा भाग तो त्यांच्या सोबतीने काढणार. आणि पत्रात त्या कुठे आहेत? अडचणींच्या यादीत, सेक्रेटरींच्या शेजारी. तुम्ही त्यांच्याकडे परवानगी मागत आहात, खरं तर मागायला हवी ती साथ. नकार देण्याचा सगळ्यात मोठा हक्कही त्यांचाच आहे.

"पोटात चौदा इंजेक्शनं, तेही एक आहे." ताई, ते 'एक' नाही हो. केस आणि देवघर ही सांगायला सोपी कारणं आहेत, मला वाटतं खरं कारण हेच असावं. त्या पिढीला टोचली जाणारी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली असे. बेंबीभोवती ती लांब सुई, एकामागून एक दिवस, आणि शेजारपाजारचे म्हणत, एक चुकलं तर मूल भुंकायला लागेल. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या मनावर याचं काय होत असेल? 2005 पासून ती लस आपल्याकडे वापरात नाही. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं घेतली की झालं. पण अंगात बसलेल्या भीतीला हे कोण सांगणार? एखाद्या दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्या वेळी काय झालं होतं ते फक्त विचारा. डांबऱ्याचं नावही काढू नका.

एक करू नका. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, असं सांगून त्यांना गप्प करू नका. या गोष्टी त्यांनीच तुम्हाला सांगितल्या असतील. वादात हरवलेलं माणूस घरात दुपारभर कुत्र्याबरोबर बसू शकत नाही. देवघराला एक छोटं लाकडी फाटक बसवून घ्या, कुत्रे अशी हद्द पटकन शिकतात. ते फाटक कुठे असावं हे त्यांना ठरवू द्या. आणि शब्द द्या, की त्याचं खाणं, फिरवणं, आंघोळ यातलं एकही काम त्यांच्यावर येणार नाही. दिलात की पाळा. दुपारी एकदा फिरवायला माणूस ठेवायला लागणार असेल तर तो खर्च आजच हिशेबात धरा.

तुमच्या पतींचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. मुलीबरोबर वाढणारं पिल्लू ही सुंदर कल्पना आहे. फक्त त्यात काय काय येतं ते दोघांनी मिळून बघा. कायद्याप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांत तसं स्पष्ट आहे, आणि विकणारा नोंदणीकृत हवा. तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला दुखेल इतकं चावू नये हेसुद्धा शिकायला मिळालेलं नसतं. पिल्लाला सुरुवातीला दर दोन तासांनी शूला न्यायला लागतं, दात येताना ते हाती लागेल ते कुरतडतं, लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवता येत नाही. मुलगी शाळेत, तुम्ही दोघं ऑफिसात. मग हे कोण करणार? पुन्हा सासूबाईच. आणि केसांचं म्हणाल तर लॅब्राडॉरच्या अंगावर दुहेरी थर असतो, तो बारा महिने गळतो. आपल्या गावठी कुत्र्याचे आखूड केस त्यामानाने काहीच नाहीत. एवढं सगळं पाहूनही त्यांना पिल्लूच हवं असेल, तर निवाऱ्यांत पिल्लंही भरपूर असतात.

सेक्रेटरींना फार वेळ देणार नाही. पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, आणि भारतीय जीव जंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जातीचा आणि बिनजातीचा असा भेद नाही. पण त्यांच्याकडे कायद्याचं पुस्तक घेऊन जाऊ नका. लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला आणि महापालिकेचा श्वान परवाना घेऊन जा. आवारात तो कायम पट्ट्यावर असेल आणि त्याची घाण तुम्ही उचलाल, हे लेखी द्या. बहुतेक विरोध एवढ्यावर मावळतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. आधी डांबऱ्याला पिंजऱ्याबाहेर ओळखा. रविवारी लाड करून घेणारा कुत्रा आणि पट्ट्यावर रस्त्यावरून चालणारा कुत्रा यांत फरक असू शकतो. निवाऱ्याच्या संचालकांशी बोलाच, पण त्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाशी जास्त बोला. खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का? ओढत्या पायाला हात लावू देतो का? दिवाळीच्या फटाक्यांना काय करतो? मोटरसायकलमागे धावतो का? एकटा राहिला तर रडतो का? पाच महिन्यांत यातलं एकही तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही, कारण तुम्ही त्याला भेटायला जात होता. आता पारखायला जा.

डॉक्टरांकडून रेबीजची लस आणि नाईन-इन-वन ही इतर आजारांवरची एकत्रित लस झाली आहे ना ते पाहा आणि गोचीड तापासाठी रक्त तपासून घ्या. अनेक कुत्र्यांत राहिलेल्या कुत्र्याला हा ताप असण्याची शक्यता असते आणि वरून तो ठणठणीत दिसू शकतो. पायाचं दुखणं वयाबरोबर वाढेल का, हेही स्पष्ट विचारा. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट बंद पडल्यावर त्याला उचलून आणावं लागेल. वीस किलोचा कुत्रा उचलून तुमच्यापैकी कोण चढू शकतं? केस नसलेल्या त्या कातडीला ऊनही फार लागतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर आणि सूर्य बुडाल्यावरच बाहेर काढायचं. रस्त्यावर उलटा हात टेकवून पाहा, पाच सेकंद ठेवता आला नाही तर त्याच्या पंजांनाही तो चटका बसणार.

मग दत्तक घेण्याच्या आधी त्याला महिनाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, आणा. निवाऱ्याशी तारीख ठरवून, लिहून. माझ्या त्या अकरा दिवसांत आणि यात मोठा फरक आहे. इथे परत जाण्याची शक्यता सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि सासूबाईंनाही कळतं की त्यांच्या 'नाही'ला किंमत आहे. मुलीला मात्र नीट समजावून सांगा, तिला वाटेल डांबऱ्या आता आपला झाला.

पहिले तीन दिवस तो तुमचा ओळखीचा डांबऱ्या नसेल. कदाचित जेवणार नाही, दाराशी बसून राहील, घरात शू करेल. पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, फोटोसाठी मिठी मारू नका. तीनेक आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं, मनाने घरचा व्हायला तीनेक महिने जातात. हा ठोकताळा आहे, प्रत्येकाचा वेग वेगळा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोन पट्टे, एक गळ्यात आणि एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, आणि गळ्यात तुमचा फोन नंबर. नवे आणलेले कुत्रे पहिल्या काही आठवड्यांत बिथरून निसटतात, आणि सगळ्यांकडे जाणारा कुत्रा तर कुणाबरोबरही निघून जाईल. तो माणसाळलेला आहे म्हणून आवारात मोकळा सोडायचा मोह टाळा.

मुलीला तीन गोष्टी शिकवा: तो जेवताना जवळ जायचं नाही, झोपलेला असताना हात लावायचा नाही, त्याच्या गळ्यात पडायचं नाही. कितीही गरीब कुत्रा असला तरी मूल आणि कुत्रा यांना नजरेआड एकत्र सोडू नका. आणि कधी दात लागलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. सासूबाईंच्या देखत हे ठरवा, त्यांना धीर येईल. खाण्यात कांदा, लसूण, चॉकलेट नको. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत, त्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. प्रसाद म्हणून प्रेमाने भरवला जातो, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि हे सगळं पाहून तुमचं उत्तर 'नाही' असं आलं तर? तर रविवारचं जाणं बंद करू नका. डांबऱ्या जाळीशी येतो तेव्हा तो तुमच्या नावावर वचनभंग लिहून ठेवत नाही. तुम्ही येता, तो खूश होतो. तुम्ही जाता, तो दुसऱ्या कुणाच्या पायाला रेलतो. फसवल्याची भावना तुमची आहे, ती त्याच्यावर लादून त्याचा आठवड्यातला एक चांगला तास काढून घेऊ नका. उलट त्या तासात त्याला दुसऱ्या घरासाठी तयार करा. पट्ट्यावर चालायला शिकवा, गाडीत बसवून एक चक्कर मारा, जिना चढवून पाहा. त्याचे चांगले फोटो काढा, पाय लपवू नका. "ओढत चालतो, मुलांशी चांगला आहे, फटाक्यांना घाबरतो" असं खरंखुरं लिहून ओळखीच्यांना पाठवा. वाचणाऱ्याला कुत्रा डोळ्यांसमोर दिसला, तरच तो फोन उचलतो.

पण आधी सासूबाईंशी बोलून बघा. त्या यायला तयार झाल्या तर गर्दीचा रविवार टाळून एखाद्या शनिवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत न्या. पिंजऱ्यांच्या ओळीत नेऊ नका, तिथला एकत्र भुंकण्याचा आवाज त्यांना सहन होणार नाही. बाहेर झाडाखाली त्यांना बसवा आणि डांबऱ्याला पट्ट्यावर बऱ्याच अंतरावर धरा. पुढे जायचं की नाही, ते त्या सांगतील. आणि निवाऱ्यात बसायला धड जागा नसते, तेव्हा पाठ टेकता येईल अशी खुर्ची घरूनच न्या.